भांग लागली की लागला?

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रेवसची लाँच सुटली तेव्हा मी सगळ्यांत आधी तिच्या कठड्याला टांगलेली, बुडत्याला फेकायची रबरी कडी मोजली. उतारू दीडशेच्या घरात आणि कडी आठ. आपल्या माणदेशातला माणूस पाण्यावर विश्वास ठेवत नाही, कारण विश्वास ठेवावा इतके पाणी त्याने एका जागी कधी पाहिलेलेच नसते. नोकरीनिमित्त मुंबईत येऊन मला नऊ वर्षे झाली, पण समुद्राशी माझा संबंध चौपाटीवर बसून त्याच्याकडे लांबून बघण्यापुरताच. त्यात उतरायचे, तेही मुलाबाळांना घेऊन, ही पहिलीच वेळ.

मी घाण्यावर तेल काढणाऱ्या माणसाचा मुलगा. आमच्या घाण्याच्या बैलाला अमावास्येची सुट्टी मिळे, वडिलांना तीही मिळत नसे. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिला मी आणि सहकुटुंब सहलीला निघालेलाही पहिला मीच. हे बढाई म्हणून सांगत नाही, खरे आहे म्हणून सांगतो.

सहलीचे कारण आमची सुधा. वय वर्षे दहा. गेल्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांचे म्हणतात ते दुखणे दोनदा उलटले आणि पोर अडीच महिने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा पाय काड्यांसारखे झाले होते. खोलीतून गॅलरीत यायचे तरी भिंत धरी. अंथरुणात पडल्यापडल्या ती इतिहासाच्या पुस्तकातले पाण्यातल्या किल्ल्याचे चित्र बघत असे. एकदा तिने विचारले, "बाबा, ह्यात कसं जातात?" मी कचेरीत चौकशी करून आलो आणि तिला सांगितले, "अलिबागेला असा किल्ला आहे. ओहोटी लागली की समुद्र बाजूला होतो आणि माणसं चालत आत जातात. तू हिंडायला लाग, आपण जाऊ. स्वतःच्या पायांनी."

मग तिने गॅलरीच्या दोन फेऱ्या सुरू केल्या. दोनाच्या चार झाल्या. नंतर जिना. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. म्हणजे शब्द पाळायची पाळी माझ्यावर आली.

हा दिवस मुलांचा, असे ठरवून मी कागदावर वेळापत्रक केले: लाँच, एस. टी., जेवण, किल्ला, शिंपले, नारळाची बाग, परत. किल्ल्यासमोर लिहिले होते, ओहोटी १२-४७. ही वेळ वर्तमानपत्रात छापून आली होती आणि ते कात्रण माझ्या खिशात होते. परमुलखात माणसांना विचारत बसू नये, छापील पाहून जावे, असे माझे मत. तिथला माणूस आपल्याशी दोनच कारणांनी बोलतो. एक तर त्याला काही विकायचे असते, नाहीतर काही लपवायचे असते.

"तिसरं कारणही असेल की," इंदू म्हणाली. इंदू म्हणजे माझी पत्नी. "बोलायची हौस."

समोरच्या बाकावरचा टोपीवाला गृहस्थ बराच वेळ आमच्या पिशव्यांकडे पाहत होता. शेवटी तो बोललाच. "अलिबागेत कुणाकडे?"

"नातेवाईक आहेत," मी ठोकून दिले. एकट्यादुकट्या परक्याला लोक फसवतात, नातेवाईक असलेल्याला जपून असतात.

"असं? कोणत्या आळीत?"

मी खोकलो. तेवढ्यात सुधाने मोठ्यांदा विचारले, "बाबा, आपले नातेवाईक आहेत तिथे?" टोपीवाला खिडकीबाहेर बघून हसला. मी पिशव्या पायांच्या मध्ये ओढून घेतल्या.

लाँच धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी आली तसे पाणी निळ्याचे मातकट झाले. रेवसच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला आणि त्यावर बगळे चाललेले. धक्क्यापाशीच एस. टी. उभी होती. सहा वर्षांच्या बाळूने खिडकी पकडली. रस्त्याकडेला एकीकडे भाताची रिकामी खाचरे आणि दुसरीकडे मिठागरांचे पांढरे ढीग. बाळूला ती साखर वाटली. मी खरे काय ते सांगितले, तरी त्याचा चेहरा बराच वेळ पटल्यासारखा दिसत नव्हता. पोरगा माझ्यावर गेला आहे.

कंडक्टरला मी मुलांसाठी नारळाची बाग कुठे बघता येईल ते विचारले. "कोणाची वाडी बघायची तुम्हाला?" तो म्हणाला. मी म्हटले, वाडी नको, बाग. तो म्हणाला, "बागेलाच वाडी म्हणतात ओ." आपल्याकडे वाडी म्हणजे दहा घरांची वस्ती. इकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मी शब्द टिपून घेतला आणि मनाशी म्हटले, भाषा बदलली, आता जास्त सावध राहायला हवे. हे म्हटले आणि त्याच दिवशी विसरलो.

अलिबागेत पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. एका घरगुती खाणावळीत जेवण उरकून घेतले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे (मोड आणून सोललेल्या वालांची पातळ भाजी) आणि भात. शेवटी प्रत्येकाच्या पानाशी एकेक वाटी गुलाबी पाणी आले. असला रंग मी फक्त रंगपंचमीला पाहिला होता.

"ह्याला रंग कसला लावलाय?" मी वाढणाऱ्या बाईंना विचारले.

"रंग? आमसुलाचा. सोलकढी आहे ती." (आमसूल म्हणजे वाळवलेली रातांब्याची साल, आणि सोलकढी म्हणजे तिचे नारळाच्या दुधातले सार.)

मी मुलांच्या वाट्या बाजूला सरकवल्या. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या मुलीला तो अनोळखी रंग पाजायची माझी तयारी नव्हती. इंदूने मात्र आपली वाटी पिऊन टाकली, माझीही उचलली आणि प्याली. मी अर्धा तास तिच्यावर लक्ष ठेवले. तिला काही झाले नाही.

किनाऱ्यावर आलो. सुधा थांबली. समोर पाण्यात तो किल्ला बसला होता. काळा, रुंद, तट अगदी चित्रातल्यासारखा. मी तिच्याकडे पाहिले. ती ओठ हलवत होती. नंतर समजले, ती किती पावले होतील याचा अंदाज करत होती.

पाणी बरेच मागे गेले होते. ओली वाळू चमकत होती, मधूनमधून खडप (समुद्रातला काळा खडक) डोके काढून होते. घड्याळात बारा. पाऊण तासात उरलेले पाणीही जाईल असा माझा हिशेब.

पण किनाऱ्यावरचे दृश्य मला पसंत पडले नाही. भर दुपारची कामाची वेळ. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. जाळी बांबूंवर वाळत टाकलेली. आणि पंधरा-वीस धडधाकट माणसे सावलीत निजलेली किंवा पत्ते कुटत बसलेली. त्यांतला एक म्हातारा बैलगाडी घेऊन आमच्याकडे आला. कमरेला रुमाल, अंगात बंडी, आणि डोळे लालभडक. गुंजेसारखे.

"किल्ल्यात जायचं ना साहेब? बसा गाडीत."

"आम्ही चालत जाणार आहोत," मी म्हणालो.

"चालत नका जाऊ." तो हसला. "आज भांग लागलाय."

मी दचकून त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. "कुणाला?"

"कुनाला काय! आख्ख्या दर्याला."

भांग चढलेल्या माणसाला आकाश फिरताना दिसते हे मी ऐकून होतो. याला समुद्रही झिंगलेला दिसत होता. मी सुधाला हळूच मागे घेतले आणि विचारले, "कधीपासून?"

"काल लागला. अजून तीन-चार दिस चालंल."

"आणि तोपर्यंत तुम्ही सगळे असेच?" मी सावलीतल्या मंडळींकडे हात केला.

"मंग काय! भांगात धंदा न्हाय. जाली वालत घालायची नि आराम करायचा." आणि तो पुन्हा हसला, विनाकारण.

एक गाव सबंध भांग घेऊन पडले आहे आणि ती गोष्ट इतक्या उघडपणे सांगते आहे, हे मला नवीन होते. मी कात्रण काढले. "हे पहा, ओहोटी बारा सत्तेचाळीसला आहे. छापील आहे. मी बी. ए. झालेला माणूस आहे."

"बिये?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "कसल्या बिया, काजूच्या?"

इंदूने पदर तोंडावर धरला.

"येल बरोबर हाय तुमची," तो कात्रणाकडे न बघताच म्हणाला. "पावन्येक. पन भांग लागलाय ना! पोरांना घेऊन नका जाऊ पायी."

म्हणजे वेळ माझी बरोबर, तरी पायी जायचे नाही, गाडीतच बसायचे. मी मनात म्हटले, नशेतसुद्धा धंद्याची शुद्ध पुरती आहे. त्याला नको म्हणून सांगितले आणि मुलांचे हात धरून निघालो.

"अहो, जरा नीट विचारा ना त्यांना," इंदू मागून म्हणाली. "काहीतरी सांगतायत ते."

"भांग घेतलेल्या माणसाला काय विचारायचं? आणि त्याच्या गाडीत मुलं घालायची?"

थोडे पुढे गेल्यावर सुधा म्हणाली, "बाबा, भांग लागली म्हणायचं ना? ते लागला का म्हणाले?"

"अशुद्ध आहे," मी म्हणालो. "शाळेत न गेलेल्या माणसांना लिंगाचं भान नसतं. तू असं लिहू नकोस."

पहिला अर्धा टप्पा फार सुखाचा झाला. वाळू घट्ट होती. बाळूने शिंपल्यांनी दोन्ही खिसे भरले आणि चड्डी घसरायला लागली. खडपांच्या खळग्यांत बोटाएवढे मासे सापडत होते. सुधा सरळ किल्ल्याकडे बघत चालत होती, मधे थांबत नव्हती. मी विचारले, "दमलीस?" तिने मान हलवली. इंदूने साडीचा काठ वर खोचला होता आणि ती मुलीच्या अगदी मागे होती, पडली तर झेलता येईल इतक्या अंतरावर.

मी वळून पाहिले तर तो म्हातारा गाडी घेऊन आमच्या मागे येत होता. आम्ही थांबलो की तो थांबे. चाललो की चाले.

"आपला पाठलाग करतोय," मी म्हणालो.

"किल्ल्यातच चालला असेल," इंदू म्हणाली.

"रिकामी गाडी घेऊन?"

मी पाकीट वरच्या खिशातून आतल्या खिशात ठेवले.

अर्ध्यावर एक पाण्याचा पट्टा आडवा आला. साठ-सत्तर पावले रुंद असेल. पलीकडे पुन्हा खडप, आणि त्यापुढे किल्ल्याचा दरवाजा अगदी हाकेच्या अंतरावर. मी पुढे होऊन बघितले, पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आले. मागे फिरलो. घड्याळात साडेबारा. "सतरा मिनिटं थांबू. हेही उतरेल."

आम्ही एका खडकावर उभे राहिलो. मी घड्याळ बघत होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते. बारा चाळीस. बारा सत्तेचाळीस. पाणी जिथे होते तिथेच. कात्रण काढून पुन्हा वाचले. छापखान्याची चूक असेल म्हणून आणखी अर्धा तास दिला. नंतर आणखी अर्धा.

"बाबा," सुधा म्हणाली, "मागे बघा."

ज्या सखल वाळूवरून आम्ही घोटाभर पाण्यात आलो होतो, तिथे आता लाट येऊन पसरत होती. आम्ही उभे होतो तो खडक बेट झाला होता. पुढे पाणी आणि मागेही पाणी.

मी बाळूला खांद्यावर घेतले. त्याच्या खिशातले शिंपले माझ्या मानेला टोचत होते. एका हाताने सुधाचे मनगट धरले, दुसरा हात इंदूने धरला, आणि आम्ही किनाऱ्याकडे वळलो. पाणी आधी गुडघ्याएवढे होते, पुढे सुधाच्या कमरेला आले. मला पोहता येते, पण विहिरीत, जिथे पायऱ्या असतात आणि पाणी एका जागी उभे असते. इथे पायाखालची वाळू ओढली जात होती. तिचे ते काड्यांसारखे पाय, ज्यांना मी चार महिने रोज रात्री तेल लावले होते, ते मला पाण्यातून दिसत होते आणि थरथरत होते. एक लाट आली आणि तिचा पाय सुटला. मनगट माझ्या हातात राहिले, पण ती गळ्यापर्यंत खाली गेली आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेले.

"धर!" इंदू ओरडली. आयुष्यात तिने प्रथमच मला अरेतुरे केले.

तेवढ्यात माझ्या कानाशी बैलाचा फुत्कार झाला. गाडी आमच्यापर्यंत पोहोचली होती. म्हाताऱ्याने कासरा दाताखाली धरला, वाकून सुधाला दोन्ही काखांत धरून वर घेतले आणि गाडीतल्या पेंढ्यावर ठेवले. नंतर बाळूला. "चढा वैनी," तो म्हणाला. मला तो काही म्हणाला नाही. मी आपला आपण चढलो.

सुधा खोकली, पाणी थुंकली आणि पहिला शब्द बोलली तो हा: "किल्ला?"

म्हाताऱ्याने बैलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना उभे केले होते. मी त्याच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. माझे नाक आपसूक वास शोधत होते. वास आला तो खाऱ्या पाण्याचा, पेंढ्याचा आणि बैलांचा. डोळे मात्र तसेच लाल.

शेवटी न राहवून मी विचारले. आज लिहितानाही लाज वाटते, पण विचारले. "तुम्ही भांग घेऊन गाडी हाकता?"

त्याने माझ्याकडे नीट बघितले. क्षणभर त्याला प्रश्न समजला नाही. समजला तेव्हा तो असा हसायला लागला की बैलांनी माना वळवल्या.

"भांग घेऊन? आवं साहेब, भांग आमाला न्हाय लागला, दर्याला लागलाय! अष्टमी-नवमीचा. उधाणाला पानी पार तलाला जातं, तवा तुमी कोरड्या पायांनी गेला असता. भांगाला अर्धवट उतरतं. मी तेच सांगत व्हतो. वढ नसते, जाल्यात मासली येत न्हाय, म्हनून पोरं पत्ते खेलतात." त्याने रुमालाने डोळे पुसले. "घेतात ती भांग. लागतो तो भांग. येवडं पन न्हाय शिकवलं बियेला?"

आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. समुद्राला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मोठी भरती आणि मोठी ओहोटी येते, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास दोन्ही अर्धवट, तो भांग. पुल्लिंगी. मी ज्याला अशुद्ध म्हणालो होतो तो शब्द मुळी वेगळाच होता, आणि त्या माणसाने प्रत्येक वेळी त्याचे लिंग बिनचूक सांभाळले होते.

"आणि डोळे?" बाळूने विचारले. मला तो प्रश्न विचारायचा धीर नव्हता.

"खारा वारा खाल्ला पन्नास वर्सं," तो म्हणाला. त्याचे नाव हिराजी.

"तुम्ही आमच्या मागं का येत होता?" मी विचारले.

"भांग लागलाय सांगितलं तरी पोरं घेऊन निगालात. म्हनलं, ह्यांना येक तर पव्हता येत असंल, नायतर अक्कल नसंल. काय ते बघावं."

इंदू म्हणाली, "पव्हता येतं त्यांना. विहिरीत." आणि दोघेही हसले. हा हसण्याचा प्रसंग नव्हता असे मला वाटले.

हिराजीने सुधाकडे बघितले. "ही पोर सारखी किल्ल्याकडं बघतेय. आजारी व्हती का?"

इंदूने सांगितले. मी दिलेल्या शब्दाचेही तिने सांगितले, स्वतःच्या पायांनी हेही सांगितले. त्याने पाण्याकडे पाहिले, बैलांकडे पाहिले. "भांगाचं पानी गरीब. लांब उतरत न्हाय, तसं धावून पन येत न्हाय. तासभर गाडीला ठाव हाय. हेच उधाण असतं तर तुमाला शोधत बसलो असतो." आणि त्याने बैल किल्ल्याकडे वळवले.

पट्टा ओलांडताना पाणी गाडीच्या तळाच्या फळ्यांना लागले. मी दोन्ही मुलांना धरून बसलो होतो. पलीकडे खडप चढून गाडी थांबली. दरवाजा पन्नासेक पावलांवर होता, मधे घोटाभर पाणी आणि शेवाळलेले दगड.

"उतर बाय," हिराजी म्हणाला. "हितून तुज्या पायान् जा."

मी उतरायला लागलो तसा त्याने चाबकाचा दांडा माझ्यापुढे आडवा धरला. "तुमी नको. तिला यकटीला जाऊ द्या."

सुधा उतरली. दोन पावले टाकली, थांबली, फ्रॉक पिळला आणि निघाली. एकदा घसरली, हात टेकले, उठली. तिने मागे वळून पाहिले नाही. दरवाजाच्या उंबऱ्यावर पोहोचली तेव्हा तिने वर हात नेला आणि दगडी चौकटीला तळवा लावून ती तशीच उभी राहिली. इंदू रडत होती. मी कात्रण कुठे ठेवले ते शोधत होतो, म्हणजे शोधत असल्यासारखे करत होतो.

आत आम्ही पाव तासच होतो. गणपतीचे देऊळ आहे आणि भोवती खारे पाणी असून गोड्या पाण्याची जागा आहे. मुले ओंजळीने पाणी प्यायली. मी या वेळी त्यांना अडवले नाही. हिराजीने सुधाला भरतीची वेळ काढायला शिकवले: तिथीची पाऊणपट करायची. आज नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे पाऊण वाजता. माझ्या छापील कात्रणात आणि त्याच्या तोंडी हिशेबात दोन मिनिटांचा फरक होता. मी म्हणालो, "पण आज नवमी आहे हे कसं कळणार?" इंदू म्हणाली, "परवा एकादशी आहे. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

परतताना हिराजीच्या घरी ओले कपडे उन्हात घातले. त्याच्या वाडीत (घरामागची चार नारळाची झाडे, तिलाही वाडीच म्हणतात) मुले शहाळी प्यायली, म्हणजे कागदावरची बागही पार पडली. त्याच्या बायकोने वाट्यांत गुलाबी सोलकढी आणली. मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी आपली वाटी उचलली आणि रिकामी करून पुढे केली. दुसरी आली, तीही घेतली. संध्याकाळच्या लाँचवर सकाळचाच टोपीवाला भेटला. "भेटले का नातेवाईक?" त्याने विचारले. मी म्हणालो, भेटले. ह्या खेपेला सुधाने मधे तोंड घातले नाही.

एवढ्यावर हे प्रवासवर्णन संपवणार होतो. पण सुट्टीनंतर आठ दिवसांनी सुधाने निबंधाची वही माझ्यापुढे ठेवली. विषय होता 'माझी सहल'. तिने लिहिले होते, "आम्ही गेलो त्या दिवशी भांग लागला होता. बाबांना ते कळले नाही. ते पाण्यात उभे राहून घड्याळ बघत होते. मग हिराजीआजोबांनी आम्हांला उचलून गाडीत घातले." बाईंनी 'लागला होता'वर तांबडी काट मारून वर 'लागली होती' केले होते आणि खाली लिहिले होते: पालकांनी समक्ष भेटावे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेलो. बाई तरुण होत्या, बोलण्यावरून आपल्याच घाटावरच्या. त्यांनी मला बसायला सांगितले आणि बोलता बोलता त्या माझ्या डोळ्यांकडे बघायला लागल्या, आधी एका, मग दुसऱ्या. खुर्ची जरा मागे घेतली. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. अलिबागेच्या वाळूवर ती माझीच होती.

"मुलं घरात जे बघतात तेच लिहितात," त्या म्हणाल्या. "आपलं शिक्षण कुठवर झालंय?"

या प्रश्नाची मी एरवी वाट पाहत असतो. त्या दिवशी मात्र ती दोन अक्षरे तोंडाशी येऊन परत गेली. त्या माणसाने मला हाक मारून सावध केले होते, आणि मी त्याचे व्याकरण तपासत बसलो होतो.

"बाई," मी म्हणालो, "घेतात ती भांग. लागतो तो भांग."

त्यांनी खुर्ची आणखी मागे घेतली.

"मला नीट सांगता येणार नाही. सुधाला बोलवा. ती सांगेल."

शिपाई वर गेला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता बसलो होतो, आणि तेवढ्यात मला जिन्यावर तिची पावले ऐकू आली. ती धावत उतरत होती, एकेक पायरी गाळत.